भुतालाही भरती चुकत नाही

मराठी कादंबरी जन्मली ती पोक्त होऊनच. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' 1857 चं, विषय विधवांचे हाल. स्वप्नं तिला नंतर पडायला लागली: 1861 मध्ये हळब्यांची 'मुक्तामाला', 1868 मध्ये रिसबुडांची 'मंजुघोषा'. अद्भुत हे साहित्याचं बाळपण असतं असं म्हणणाऱ्यांनी एवढा क्रम तरी पाहावा.

*

अद्भुत वाचणाऱ्या मुलाला घरात सांगतात, जरा खरं काहीतरी वाच. लिहिणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. गरज खरं तर त्यालाच जास्त.

*

दापोली तालुक्यातल्या केळशीच्या किनाऱ्यावर भरतीसाठी घड्याळ विचारत नाहीत, तिथी विचारतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमेला सव्वाअकरा. थोडं इकडेतिकडे होतं, पण होडी ढकलायला तेवढं पुरतं.

आता कुणी लेखक शहरात टेबलाशी बसून पौर्णिमेच्या मध्यरात्री ओल्या पुळणीवरून पांढऱ्या साडीतली बाई चालवतो. तेव्हा पुळण उरलेली असते कुठे? पाणी पार वर चढलेलं असतं. बाई चालायची ती गुडघाभर पाण्यातून, साडी वर खोचून. इथला वाचक भुताला हरकत घेत नाही, भुतं त्याने लहानपणापासून पुष्कळ ऐकलेली असतात. तो हरकत घेतो भरतीला. आणि एकदा का भरती खोटी ठरली, की त्या बाईला कोण घाबरणार?

टॉल्किनने 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिताना चंद्राच्या कला जुळेनात म्हणून मागची प्रकरणं पुन्हा दुरुस्त केली. ऑक्सफर्डचा प्राध्यापक, पण केळशीच्या कोळ्यांनी त्याला आपल्यात बसवून घेतलं असतं.

*

कोकणात देवाला कौल लावतात. मूर्तीला फुलं किंवा ओले तांदूळ चिकटवायचे, प्रश्न घालायचा आणि गप्प उभं राहायचं. उजवीकडचं आधी पडलं तर होकार. हे सगळं गुरव आधी मोठ्याने बोलून घेतो. फूल पडल्यावर अर्थ ठरवायची मुभा देवालासुद्धा नाही.

शेवटच्या प्रकरणात अचानक सापडणारी मंतरलेली तलवार म्हणजे फूल पडल्यावर ठरवलेला अर्थ.

*

द्वारकानाथ माधव पितळे 1905 च्या सुमारास सिंहगडावर शिकारीला गेले, कड्यावरून पडले आणि कमरेखाली कायमचे लुळे झाले. अंथरुणावर त्यांनी वाचलं, मग लिहिलं. वाचकांना ते ठाऊक आहेत नाथमाधव म्हणून. त्यांची अद्भुतरम्य कादंबरी 'वीरधवल' 1913 ची. उठता न येणाऱ्या माणसाने घोडे उधळले, यात सगळ्यांना लगेच एक सूत्र सापडतं. मला ते फार सोयीचं वाटतं. नुसतं पळूनच जायचं असतं तर त्याच माणसाने 'डॉक्टर'सारखी सामाजिक कादंबरी कशाला लिहिली असती, स्वराज्यावर ऐतिहासिक मालिका कशाला घेतली असती?

मला कुतूहल आहे ते त्यांच्या वाचण्याचं. पडून असलेल्या माणसाला कंटाळा आला म्हणून पुस्तक मिटून चक्कर मारायला जाता येत नाही. पानं गाळून वाचायची चैन चालत्या-फिरत्या माणसांची.

*

भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांचं इंग्रजी वाचन त्यांच्या पुस्तकांत दिसतं. 'लुचाई' आली स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पिशाच्च उसनं आणता येतं, जिना कुठे करकरतो ते मात्र आपल्याच घरातलं असावं लागतं.

श्री. ना. पेंडसे दुसऱ्या टोकाचे. गाव मुर्डी, केळशीच्याच दापोली तालुक्यातलं. नोकरी मुंबईत 'बेस्ट'मध्ये, आणि लेखणी सगळी इकडे. 'तुंबाडचे खोत' 1987 ची. तुंबाड हे खरं गाव, खेड तालुक्यात, जगबुडीच्या काठी. राही अनिल बर्वे यांच्या 2018 च्या 'तुंबाड' चित्रपटाने बीज घेतलं धारपांच्या 'आजी' या कथेतून आणि नाव पेंडशांच्या कादंबरीवरून. राक्षस कल्पनेतला आणि गाव नकाशावरचं. पाऊसही खराच, त्यासाठी एकामागून एक पावसाळे चित्रीकरण चाललं. मला त्या चित्रपटातला राक्षस, हस्तर, आठवतो तो त्या पावसासकट. कोरडा आठवतच नाही.

*

अद्भुत लिहिणाऱ्याच्या कपाटात अद्भुत थोडं असावं. (वाचावं सगळं, जवळ ठेवावं निवडक.) पंचांग असावं. रत्नागिरी जिल्ह्याचं 1880 चं गॅझेटिअर असावं: बंदरं, मीठ, गलबतं, पिकं, जकात, सगळं कोरड्या सरकारी भाषेत. कल्पनेला अशी पुस्तकं मानवतात, कारण त्यांच्यात कल्पनेने आधीच येऊन हात मारलेला नसतो.

*

केळशीला खाडीच्या मुखाशी वाळूची टेकडी आहे. लांबून पाहणाऱ्याला काही विशेष वाटत नाही. कापलेल्या कडेशी उभं राहिलं की थर दिसतात, वाळूत अडकलेली खापरं दिसतात. डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी या टेकडीचा अभ्यास केला आणि ती समुद्राने आणून टाकली असं मांडलं. तिचा संबंध जोडला 1524 च्या त्सुनामीशी.

त्या सप्टेंबरात वास्को द गामाचं आरमार दाभोळच्या समुद्रात होतं. वारा पडलेला, आणि जहाजं मात्र गदगदा हलायला लागली. खलाशांची गाळण उडाली. समुद्र आपल्याला घाबरून कापतोय, अशा अर्थाचं काहीतरी गामा बोलला, असं पोर्तुगीज इतिहासकार सांगतात. बाणेदार वाक्य आहे. पुढे अभ्यासकांच्या कामी आलं ते वेगळंच: महिना कोणता, ठिकाण कोणतं, वारा होता की नव्हता.

या प्रसंगावर कुणी मराठीत कादंबरी लिहिली तर मी ती पहिल्याच दिवशी विकत घेईन. वाळूतून नगर उठवा, मासा बोलता करा, गामाच्या डोलकाठीवर वेताळ बसवा. माझी काही हरकत नाही. फक्त पुस्तक उघडल्यावर मी आधी तिथी बघणार.