चित्राच्या कोपऱ्यातलं नाव

या वाचनासाठी पंधरा मिनिटं राखून ठेवा. जवळ एक कागद आणि पेन्सिल असू द्या. कागद पाठकोरा असला तर जास्त बरं. का, ते पुढे येईलच.

पाठ टेकून बसा. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या. आता एका हाताचं बोट दुसऱ्या तळहातावर टेकवा आणि सावकाश एक गोल काढा. मग आणखी एक. गोल नीट जुळला नाही तरी हरकत नाही. थोड्या वेळाने गोलाची नागमोड होऊ द्या. बोटामागे डोळे जाऊ द्यात, आणि डोळ्यांमागे मन.

हा खेळ माझा नाही. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस नावाच्या एका चित्रकलेच्या बाई मुलांकडून असाच खेळ करून घ्यायच्या. त्या ताल धरायच्या आणि तालाबरोबर मुलांच्या पेन्सिली कागदावर फिरायच्या. काय काढायचं हे आधी ठरलेलं नसे. आधी हात मोकळा व्हावा, मग चित्र. बाई हे वायमारच्या बाउहाउस कलाशाळेत योहानेस इटेन यांच्याकडे शिकल्या होत्या. इटेन चित्राला बसण्याआधी विद्यार्थ्यांकडून श्वासाचे आणि अंग सैल करण्याचे व्यायाम करून घेत.

बाईंचा जन्म व्हिएन्नाचा, १८९८ सालचा. त्या ज्यू होत्या. डिसेंबर १९४२ मध्ये नाझींनी त्यांना आणि त्यांचे पती पावेल यांना तेरेझिनला पाठवलं. प्रागच्या उत्तरेला असलेलं हे जुनं तटबंदीचं गाव तेव्हा ज्यूंना डांबण्याची जागा झालं होतं. बरोबर न्यायच्या सामानाला मर्यादा होती. त्या मोजक्या सामानात बाईंनी मुलांसाठी चित्रांचं साहित्य भरलं.

आता तिथली एक खोली डोळ्यांसमोर आणा. एकावर एक तीन मजली लाकडी फळ्या, त्यांवर झोपायचं. ही खोली एल ४१० क्रमांकाच्या इमारतीतली; तिथे मुली राहायच्या. आईबाप बहुधा दुसऱ्या बराकींत. शाळा भरवायला बंदी होती, चित्रं काढण्याकडे मात्र कानाडोळा होई. कागद म्हणजे कचेरीतले वापरून झालेले फॉर्म, वेष्टनाचे तुकडे, जे हाती लागेल ते. मुली त्या छापील फॉर्मच्या पाठीवर चित्रं काढत आणि तेच फॉर्म कापून चिकटचित्रंही करत.

तुमच्या समोरचा पाठकोरा कागद उलटून बघा. मागे काय छापलंय? बिल असेल, जुनी प्रश्नपत्रिका असेल. आता पुन्हा कोऱ्या बाजूवर या. त्या मुलींच्या हातातला कागद असाच होता.

इथे थोडं थांबा.

अशा खोलीत दहा-बारा वर्षांची एक मुलगी तुमच्या शेजारी गप्प बसली आहे. तुम्ही तिला काय म्हणाल? आपल्या तोंडी प्रश्न लगेच येतात. काय झालं? कशाची भीती वाटते? सांग ना. पण भीतीला, रागाला, आठवणीला लहान मुलांकडे शब्द तयार नसतात. मोठ्यांकडे तरी कुठे असतात? कागद मात्र प्रश्न विचारत नाही. आतलं जे काही आहे ते रेघ होऊन बाहेर येतं, समोर पडतं, आणि आपल्यापासून वीतभर दूर झाल्यावर त्याच्याकडे बघता येतं. मुलांच्या आर्ट थेरपीची, म्हणजे चित्रांच्या आधाराने मन मोकळं करण्याच्या उपचाराची, सुरुवात या वीतभर अंतरातून होते.

आता आपल्या ओळखीच्या एका खोलीत या. सतरंजीवर चार मुलं बसली आहेत. मधे एक मोठा कागद, एक खडूंची पेटी, आणि पेटीत लाल खडू एकच.

"लाल दे."
"माझं होऊ दे की."

तिसरा मुलगा काही बोलत नाही. त्याने कोपऱ्यात सगळं काळं करून टाकलंय. लाल खडूची वाट बघणारी मुलगी रिकामी बसते, इकडेतिकडे बघते, आणि तिला तो काळा कोपरा दिसतो. ती जरा सरकते. काळ्याच्या कडेला पिवळी रेघ ओढते. मग विचारते, "चालेल?" मुलगा मान हलवतो.

हा क्षण मनात हळूहळू फिरवा. घाई करू नका.

थांबणं, मागणं, देणं, दुसऱ्याचं दुःख नजरेला पडणं, त्याच्या जागेत शिरण्याआधी विचारणं: सामाजिक आणि भावनिक कौशल्यं म्हणतात ती हीच. समोर बसवून सांगितली की ती मुलांना उपदेश वाटतात. एका कागदावर चार हात आले की ती घडायला लागतात. गटाचा उपयोग एवढ्यासाठीच. एकट्याच्या कागदाला शेजार नसतो.

आता तुमच्या कागदावर एक चित्र काढा. जे पहिलं सुचेल ते.

दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि एक नारळाचं झाड. तसंच आलं असेल तर हसू नका. आपल्यापैकी बहुतेकांच्या हाताला हेच चित्र शिकवलं गेलं. ते सुंदर नाही असं नाही, पण ते आपलं स्वतःचं कधी नव्हतं. १९४३ मध्ये तेरेझिनमध्येच मुलांच्या चित्रांविषयी व्याख्यान देताना बाईंचा भर याच गोष्टीवर होता: मोठ्यांनी आपले तयार आकार मुलांवर लादू नयेत. सगळ्यांना चित्रकार करणं हा त्यांचा हेतू नव्हता. मुलांची कल्पना जागी राहावी, नजर तयार व्हावी, स्वतःच्या पायावर उभं राहण्याची ताकद मोकळी व्हावी, एवढंच त्यांना हवं होतं.

त्या तुरुंगवासाच्या आधी, प्रागमध्ये निर्वासित मुलांना शिकवताना, एडिथ क्रेमर नावाची तरुण विद्यार्थिनी बाईंच्या मदतीला होती. ती १९३८ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचली. १९५० पासून तिने विल्टविक या निवासी शाळेत घरापासून तुटलेल्या, संतापाने भरलेल्या मुलग्यांबरोबर चित्रांचं काम केलं आणि १९५८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. मुलांची आर्ट थेरपी आज ज्या वाटेने जाते, ती वाट पाडणाऱ्यांत एडिथ होती. तिचा एक शब्द जपून ठेवावा असा आहे: तिसरा हात. मुलाचे दोन हात चित्र काढत असतात. मोठ्याचा हात तिसरा. तो खडूला टोक करून देतो, फाटलेला कागद जोडून देतो, ओघळणारा रंग सावरतो. चित्रात स्वतःचं काही घालत नाही.

तुमच्या ओळखीचं एखादं मूल आठवा. त्याच्या चित्रात तुम्ही कधी हात घातलात, ते आठवा. "झाड असं नसतं, थांब, मी दाखवते." आपण सगळ्यांनीच हे केलंय. स्वतःला दोष देऊ नका. फक्त तो हात मनातल्या मनात मागे घ्या आणि मुलाच्या शेजारी टेकवून ठेवा.

पुढचं वाचताना श्वास धरून ठेवू नका.

ऑक्टोबर १९४४ मध्ये बाईंना आउशवित्झला नेऊन मारलं. जाण्याआधी त्यांनी मुलांची चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून ठेवली होती. युद्ध संपल्यावर मुलींच्या त्या इमारतीचे प्रमुख विली ग्रोआग यांनी त्या प्रागला पोहोचवल्या. आत सुमारे ४,५०० चित्रं होती. आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयाकडे आहेत. ती काढणारी मुलं सुमारे ६६०. त्यांतली सुमारे ५५० मारली गेली.

चित्राने त्यांचा जीव वाचला नाही. इथून नजर काढून घेऊ नका. मग त्या तासांचा उपयोग काय झाला? मुलाने पुढे कोण व्हावं, किती गुण मिळवावेत, कुठे पोहोचावं, या हिशेबात आपण त्याचा आजचा तास मोजतो. तेरेझिनच्या बहुतेक मुलींपुढे पुढचं काही शिल्लक नव्हतं. तरी बाई तितक्याच मनापासून शिकवत राहिल्या, कारण त्या तासात ती मुलगी होती, शेजारीण होती आणि दोघींत एक खडू होता. मुलाचा आजचा तास हे त्याचं आयुष्यच असतं.

बाईंचा एक आग्रह होता. मुलांनी चित्रावर स्वतःचं नाव लिहावं. जिथे माणसाला नंबर दिला जात होता, तिथे पाठकोऱ्या फॉर्मच्या कोपऱ्यात नाव. त्या नावांमुळेच आज आपल्याला कळतं की कोणतं फूल कोणी काढलं, कोणती खिडकी कोणाची.

आता तुमच्या चित्राच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव लिहा. हळू लिहा.

आणि घरातलं मूल कागद घेऊन आलं, तर "हे काय काढलंस?" असं विचारण्याआधी त्याच्याजवळ बसा. चित्र चांगलं की वाईट ते सांगू नका. कोपऱ्यात त्याचं नाव त्याच्याच हाताने लिहू द्या, खाली तारीख घाला, आणि तो कागद जपून ठेवा.