वेष कोणाचा?

मराठीत ‘चाळिशी’ हा शब्द वयालाही लागतो आणि चष्म्यालाही. वय चाळीस ओलांडते, अक्षर धूसर होते, आणि मनुष्य निमूटपणे नाकावर काच चढवितो. त्याबद्दल त्याला कोणी हसत नाही. परंतु तोच मनुष्य त्याच सुमारास शिंप्याकडे जाऊन अंगाला बेतशीर बसेल असा नवा कोट शिववून घेतो, किंवा त्याची पत्नी वीस वर्षांच्या सवयीचे फिके रंग सोडून एखादे गडद निळे पातळ घेते, तेव्हा मात्र घरात आणि शेजारात भुवया उंचावतात. ‘आता या वयात?’ हा प्रश्न कोणी उघड विचारतो, कोणी नजरेने. डोळ्यांतील बदल मान्य करावयाचा आणि अंगावरील बदल मान्य करावयाचा नाही, ही विसंगती वरवर क्षुल्लक वाटते. परंतु तिच्या बुडाशी एक खरा नैतिक प्रश्न आहे: माझ्या वेषावर हक्क कोणाचा? माझा, की मला पाहणाऱ्यांचा?

आमच्या भोपाळात या प्रश्नाचे उत्तर एका हिंदी म्हणीत तयारच असते. ‘खाइए मनभाता, पहनिए जगभाता.’ जेवावे स्वतःच्या रुचीने, ल्यावे जगाच्या रुचीने. म्हणीत तथ्य आहे. घास माझ्या पोटात जातो. वेष मात्र मला स्वतःला क्वचितच दिसतो, तो दिवसभर पाहतात ते इतर. तेव्हा जगाला त्यात काहीच म्हणावयाचे नाही, असे म्हणता येणार नाही. प्रश्न एवढाच की, जगाचा हा हक्क कोठवर चालतो. वकिली करणाऱ्या माणसाला कोणताही हक्क अमर्याद मानवत नाही; त्याची हद्द कोठे आहे हे तो प्रथम पाहतो.

जगाचा रास्त हक्क कसा असतो याचे उदाहरण आमच्या व्यवसायातच सापडते. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाखाली भारतीय वकील परिषदेने वकिलांच्या पोषाखाचे नियम केले आहेत. बंद गळ्याचा काळा कोट, चपकन, अचकन किंवा काळी शेरवानी, अथवा उघड्या गळ्याचा काळा कोट. गळ्याशी पांढऱ्या पट्ट्या. खाली लांब विजार किंवा धोतर. जीन्स मात्र चालत नाही. उन्हाळ्यात उच्च व सर्वोच्च न्यायालये वगळता अन्यत्र काळ्या कोटाची सक्ती नाही. भोपाळच्या मे महिन्यात या सवलतीचे मोल काय ते येथील वकीलच जाणतात. हा नियम मला कधी जाचक वाटला नाही. एक तर तो लिहिलेला आहे. दुसरे, तो श्रीमंत व गरीब, तरुण व वृद्ध अशा सर्व वकिलांना सारखा लागू आहे. तिसरे, त्याला स्थळकाळाची मर्यादा आहे; न्यायालयाचे आवार सोडताच तो संपतो. देवळातील सोवळ्याचेही तसेच. गाभाऱ्यात सेवेला जाणारा सोवळे नेसतो, पण ते नेसून बाजारात भाजी घ्यावयास जावे असे देवालाही अपेक्षित नसते.

आता या तीन खुणा हाती घेऊन जगाचे इतर दावे तपासून पाहावेत. आपल्या समाजात शतकानुशतके असा एक पोषाख-कायदा चालत आला, जो कोणत्याही राजपत्रात छापलेला नव्हता, सर्वांना सारखा लागू नव्हता आणि कोणत्याही उंबरठ्यावर संपत नव्हता. कोणी लुगडे कोठपर्यंत नेसावे, कोणी कोणत्या धातूचे दागिने घालावेत, हे जन्माने ठरत असे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितले की, अस्पृश्यतेची ओळख पटविणारी नेसण्याची रीत आणि ते दागिने टाकून द्या, आणि इतर स्त्रियांप्रमाणे लुगडे नेसा. त्या सभेत तरुण मुली होत्या तशा संसार केलेल्या, मुले वाढविलेल्या बायाही होत्या. त्यांनी ते ऐकले आणि नेसण्याची रीत बदलली. वयाच्या मध्यावर वेष बदलण्याचे याहून गंभीर उदाहरण मला आठवत नाही. तेथे हौसेचा संबंध नव्हता. एका बेकायदेशीर हुकुमाची अंमलबजावणी त्यांनी आपल्या अंगापुरती थांबविली.

दुसरे उदाहरण आपल्या स्वतःच्या घरांतले आहे, आणि म्हणूनच ते अधिक बोचते. विधवेला आलवण नेसविणारे हात परक्यांचे नव्हते. ती प्रथा आज गेली. पण तिची सावली पूर्ण गेली आहे काय? पन्नाशीच्या स्त्रीने लाल नेसू नये, नवरा गेलेल्या बाईने हळदीकुंकवाला भरजरी नेसू नये, आजी झाली की काठपदर मंद असावेत, हे आजही कोठे लिहिलेले नसते, तरी पाळले जाते. कोणी सक्ती करीत नाही. फक्त ‘वयाला शोभेल असे’ एवढेच म्हटले जाते. या मृदू शब्दांना वरील तीन कसोट्या लावून पाहिल्या, तर त्यांपैकी एकही उतरत नाही.

येथवर जगाच्या दाव्याचा विचार झाला. पण केवळ ‘मनभाता’ एवढेच समर्थन पुरेसे आहे काय, हेही पाहिले पाहिजे. नाहीतर निवाडा एकतर्फी होईल. मन म्हणजे नेहमी आपलेच मन असते असे नाही. पुष्कळदा त्यात दुकानदार बोलत असतो, कधी भीती बोलत असते. मुलाची अरुंद विजार चढवून, केसांना काळे फासून, ऑफिसातल्या पंचविशीच्या पोरांत मिसळू पाहणारा गृहस्थ स्वतःच्या आवडीने वागतो असे म्हणवत नाही. तो वयापासून पळत असतो. त्याच्या उलट टोकाला दुसरा एक गृहस्थ असतो. ‘आता आपले काय राहिले आहे’ म्हणून विटलेला सदरा, सैल पट्टा आणि झिजलेली पायताणे यांतच तो वावरतो. लोक त्याला साधा म्हणतात. पण साधेपणा आणि हलगर्जीपणा यांत भेद आहे. पहिला गृहस्थ तारुण्याचे सोंग आणतो, दुसरा वार्धक्याचे. वीस-पंचवीस वर्षांचे कर्तृत्व अजून पुढे असताना मावळतीचा वेष घेणे हेही एक असत्यच होय.

मग सत्य वेष कोणता? एकाच माणसाच्या आयुष्यातील तीन प्रसंग पाहावेत. १८९३ साली डर्बनच्या न्यायालयात गांधीजींना पगडी काढावयास सांगण्यात आले; त्यांनी नकार दिला आणि ते बाहेर पडले. पुढच्याच वर्षी नाताळच्या सर्वोच्च न्यायालयात वकील म्हणून शपथ घेतल्यावर तीच मागणी झाली, तेव्हा न्यायालयाचा नियम म्हणून त्यांनी पगडी उतरविली. सहकाऱ्यांना ते रुचले नाही. पण आपले बळ मोठ्या लढ्यासाठी राखावे असा त्यांचा विचार होता. आणि २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरेस, बावन्नावे वर्ष पुरे होत आले असता, त्यांनी अंगरखा व टोपी सोडून पंचा धारण केला. कारण अंगभर खादी घेण्याची ऐपत ज्यांना नव्हती, त्यांच्यासमोर तसे कपडे घालून उभे राहणे त्यांना जमेना. तीन वेळा तीन वेगळी वर्तने, आणि तिन्हींना कारण आहे. यांतून एक कसोटी हाती येते: वेष बदलला याला महत्त्व नाही, कशासाठी बदलला हे स्वतःशी प्रामाणिकपणे सांगता आले पाहिजे.

‘पण आजवर तुम्ही निराळेच वागत होता’ हा आक्षेप येथे हमखास येतो. भोपाळच्या इतिहासात त्याचे उत्तर आहे. हे संस्थान शंभरांहून अधिक वर्षे बेगमांनी चालविले. सिकंदर बेगम पडदा पाळीत नसे, घोड्यावर बसून राज्यात फिरत असे. तिची नात सुलतानजहाँ बेगम १९०१ साली गादीवर आली. तिने मात्र बुरखा स्वीकारला, युरोपच्या प्रवासातही तो सोडला नाही, आणि पडद्याच्या समर्थनार्थ ग्रंथही लिहिला. तीच बेगम आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, सत्तरीच्या आसपास, स्त्रीशिक्षणाच्या कार्यात गुंतली असता पडद्याबाहेर आली. १९३० साली ती वारली. तिच्या आधीच्या मताबद्दल किंवा नंतरच्या मताबद्दल कोणाचे काहीही म्हणणे असो, स्वतःच लिहिलेल्या ग्रंथाच्या विरुद्ध वागण्याचे धैर्य मोठेच. सर्वोच्च न्यायालयानेही १९५५ साली बंगाल इम्युनिटी प्रकरणात, आपलाच पूर्वीचा निर्णय चुकीचा आढळल्यास तो फिरविण्याचा अधिकार आपणास आहे, असे ठरविले. जे न्यायालयाला मोकळे आहे, ते कपाटापुढे उभ्या असलेल्या गृहस्थाला का नसावे?

तरीही बदल हाच सद्‌गुण, असे कोणी समजू नये. याच मध्यप्रदेशात महेश्वर आहे. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ साली राज्याचा भार उचलला तेव्हा त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या. राज्यपद आले म्हणून त्यांनी राजवस्त्रे केली नाहीत. परंपरेने त्यांचे चित्र आजही शुभ्र वस्त्रातच रेखाटले जाते. आणि गंमत पाहा, ज्या नगरीतून त्यांनी अठ्ठावीस वर्षे राज्य केले, तेथील विणकरांच्या रंगीत, काठपदरी साड्यांची परंपरा त्यांच्याच आश्रयाला जोडली जाते. स्वतः पांढरे नेसणाऱ्या बाईने इतरांना पांढरे नेसावयास सांगितले नाही. उलट इतरांच्या अंगावर रंग चढावा म्हणून माग चालविले. वैराग्य स्वतःच्या अंगावर शोभते. दुसऱ्यावर लादले की तो जुलूम होतो. हा विवेक आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांनी अवश्य ध्यानी घ्यावा.

धर्माचे म्हणाल तर आपल्या परंपरेने वयाबरोबर वेष बदलणे कधीच निषिद्ध मानले नाही. ब्रह्मचाऱ्याची मेखला, गृहस्थाची वस्त्रे, वानप्रस्थाची वल्कले, संन्याशाची छाटी: प्रत्येक आश्रमाची वस्त्रे वेगळी. अंगावर सुरकुती आणि केसांत पांढरेपणा दिसू लागला की पुढच्या आश्रमाचा विचार करावा, असे धर्मशास्त्र सांगते. म्हणजे आरशात पाहून जीवनाचा बेत बदलणे यात त्याला काही अनुचित वाटले नाही. गीतेने तर देहान्तराची कल्पना समजाविण्यासाठी जुने वस्त्र टाकून नवे घेण्याचाच दृष्टान्त योजिला. त्या दृष्टान्तात आश्वासन आहे तसा इशाराही आहे. वस्त्र बदलण्यात गैर काही नाही. पण वस्त्र बदलल्याने नेसणारा बदलतो, असे मात्र समजू नये.

आता थोडे व्यवहाराचे. मध्यवयात नवे घेण्याआधी जुन्याचा हिशेब करावा. आपल्या कपाटांत पुष्कळदा दोन प्रकारची वस्त्रे साठलेली असतात: पूर्वी जे होतो त्याची, आणि कधीतरी होऊ म्हणून घेतलेली. तिशीत बसणारा कोट पुन्हा अंगाला बसेल या आशेने पंधरा वर्षे जपण्यापेक्षा, तो ज्याला बसेल त्याच्या अंगावर जाणे बरे. मात्र देताना धुवून, बटणे लावून द्यावे. फाटके दान करणे म्हणजे दान नव्हे. पूर्वी दारावर बोहारीण येई आणि जुन्या लुगड्यांवर भांडे देई. त्या घासाघिशीत का होईना, जुन्या वस्त्राला मोल आहे ही जाणीव घरात राहत असे. आणि टाकण्याचे दुःख वाटत असेल, तर देवळातील निर्माल्य आठवावे. काल देवाच्या मस्तकावर असलेले फूल आज पुजारी आदराने उतरवितो. त्यात कालच्या फुलाचा अपमान नसतो, आणि आजच्या फुलाची जागाही अडत नाही.

मग जे घ्यावयाचे ते मोजके घ्यावे. आजच्या देहाच्या मापाचे, आजच्या कामाला साजेसे, आपल्या हवेला मानवणारे आणि ऋण न काढता परवडणारे. मुलांच्या शिक्षणाचा पैसा मोडून केलेली वेषभूषा कोणालाही शोभत नाही. ‘सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही’ ही म्हण येथे अक्षरशः खरी आहे.

राहता राहिली भोपाळची म्हण. ‘जग’ हा शब्द उच्चारताना आपण नेहमी बोट बाहेर दाखवितो: शेजारी, आप्त, चार लोक. परंतु जिच्या नव्या साडीकडे आपण पाहतो, तिच्या दृष्टीने ते जग म्हणजे आपणच असतो. तेव्हा येत्या सणाला घरातील थोरल्या वहिनीने किंवा एकट्या राहिलेल्या मावशीने पूर्वी न नेसलेला एखादा रंग नेसला, तर तिच्याकडे कारण मागू नये. कारण तिच्यापाशी असेल. ते सांगण्याचे बंधन तिच्यावर नाही. आपल्याला काही म्हणावेसेच वाटले, तर रंग छान दिसतो एवढे म्हणावे आणि तिला देवळात पुढे जाऊ द्यावे.