वीतभर जागा

खंडेनवमीची सकाळ. दादर पश्चिमेला पुलाचा जिना उतरतो तिथे झेंडूचे ढीग लागले होते. वसईहून सोनचाफा घेऊन येणारी मावशी भिंतीला टेकून बसली होती. शेजारच्या झेंडूवाल्या पोराने बारदान वीतभर पुढे ओढलं. गिऱ्हाईक त्याच्याकडे वळलं. ते पाहून समोरच्याने ताडपत्री सरकवली, मग त्याच्या पलीकडच्याने. दहा वाजेपर्यंत एकामागे एक चालण्यापुरतीच वाट उरली.

"बाळा, मागे घे रे," मावशी म्हणाली.

"उसने पैसे काढून माल भरलाय, मावशी. आज-उद्या नाही गेला तर परवा कचरा. वीतभरानं काय बिघडतंय?"

त्याचं खोटं नव्हतं. दसरा उलटला की त्या फुलांना कोणी विचारत नाही.

तेवढ्यात जिन्यावरून एक तरुण उतरू लागला. पाठीवर वडील, गळ्यात टाटा रुग्णालयाच्या कागदांची पिशवी. मागून लोकलची गर्दी रेटत होती, पुढे भाव करणारे जागचे हलत नव्हते. म्हाताऱ्याचा हात कठड्याशी चेंगरला, तो कळवळला.

मावशीने टोपली डोक्यावर घेतली, पायाने आपलं बारदान मागे सारलं आणि भिंतीला पाठ लावून ओरडली, "इकडून ये, बाबा!" बापलेक तेवढ्या फटीतून पुढे आले, पण पुढे झेंडूचा ढीग आडवा. पोराने एकदा ढिगाकडे पाहिलं, मग दोन्ही हातांनी फुलं मागे ओढली. बरीचशी तुडवली गेली.

"एल्फिन्स्टनच्या पुलावर झालं तेव्हाही खंडेनवमीच होती," मावशी नंतर म्हणाली.

पोरगा तेव्हा गावी शाळेत होता. २९ सप्टेंबर २०१७. पावसामुळे लोक जिन्यावर थांबले, गाड्यांतून माणसं येतच राहिली आणि दादरच्या पुढच्याच स्टेशनात २३ जण चेंगरून गेले. त्या स्टेशनाला आता प्रभादेवी म्हणतात. त्यानंतर उच्च न्यायालयाने स्टेशनापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. त्या हिशेबाने मावशीनेही तिथे बसायला नको, आणि तिला ते ठाऊक आहे.

पण तिथे फुलं विकली जातात, कारण आपण तिथेच थांबून घेतो. या दसऱ्याला दादरला गेलात, तर जिन्याच्या तोंडाशी भाव करत उभे राहू नका. फूलबाजार स्टेशनाजवळच आहे. तेवढं चालून जा आणि तिथे घ्या.