ओल्या सतरंजीचं तत्त्वज्ञान

माणसाची नीतिमत्ता कुठे तपासावी, याविषयी थोरामोठ्यांनी पुष्कळ सांगून ठेवलं आहे. कोणी म्हणतं संकटात, कोणी म्हणतं पैशाच्या व्यवहारात. पैशाच्या व्यवहारात ती तपासण्याचं काम मी गेली वीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसून, रीतसर पगार घेऊन करतो आहे. तिथे ती फारशी सापडत नाही, कागदपत्रं सापडतात. माझ्या मते ती तपासण्याची खरी वेळ पहाटे साडेचारची आणि खरी जागा म्हणजे म्हातारं कुत्रं जिच्यावर झोपलेलं असतं ती सतरंजी. अंधारात अनवाणी पाय तिच्यावर पडतो, तळव्याला काहीतरी कोमट लागतं, आणि पुढच्या पाच सेकंदांत तोंडातून जे बाहेर पडतं ते आपलं खरं तत्त्वज्ञान. बाकीचं सगळं पाठांतर.

आमच्या सोनीला तेरावं संपलं. जात गावठी, रंग चहात बुडवलेल्या बिस्किटाचा. गेल्या पावसाळ्यापासून तिला झोपेत शू होते. जागेपणी तिचं वागणं चोख. दाराशी जाऊन उभी राहते, नेलं की कोपऱ्यावरच्या ठरलेल्या खांबाशी कार्यभाग उरकून परत येते. पण डोळा लागला की खालचं अंथरूण भिजतं.

जनावरांच्या डॉक्टरांनी आधी तिची लघवी तपासली. जंतुसंसर्ग, मधुमेह, मूत्रपिंडाचं दुखणं यांपैकी काही नाही याची खात्री केली आणि मग सांगितलं, की नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये हे पुष्कळदा दिसतं. शरीरातलं एक संप्रेरक कमी होतं, मूत्रमार्गाचं तोंड आवळून धरणारा स्नायू सैल पडतो आणि झोपेत गळती सुरू होते. थोडक्यात, नळाचा वॉशर झिजला. तो स्नायू आवळणाऱ्या गोळ्या मिळतात. त्या त्यांनी लिहून दिल्या आणि बजावलं, "पाणी मात्र तोडू नका. आणि अंग ओलं राहू देऊ नका, कातडी सोलवटते." गोळ्यांनी निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं आईची जुनी सुती लुगडी, एक मेणकापड आणि व्हिनेगरची बाटली यांनी वाटून घेतलं. फिनेलने आपल्या नाकाचं समाधान होतं. कुत्र्याच्या नाकाला फसवणं त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे.

जाता जाता डॉक्टर म्हणाले, "ती करत नाही हो, तिला होतं." मी कॉमर्सचा पदवीधर, व्याकरणाशी माझा संबंध मॅट्रिकनंतर तुटला. पण हे वाक्य ऐकलं आणि मराठी भाषेपुढे हात जोडले. 'सोनी शू करते' या वाक्यात सोनी कर्ता आहे. 'सोनीची शू होते' या वाक्यात कर्तेपण शूकडे गेलं, आणि सोनी बिचारी षष्ठी विभक्तीत जाऊन बसली. आता आरोप ठेवायचा तर तो प्रथमेवर ठेवता येतो. षष्ठीला शिक्षा कशी करणार? निम्मं नीतिशास्त्र या एका प्रत्ययात आहे. आपण मात्र रागाच्या भरात पहिल्यांदा विभक्तीच चुकतो.

हा मुद्दा मी आमच्या एका नातेवाइकांना समजावून सांगितला. ते हिशेबी गृहस्थ. ते म्हणाले, "विभक्ती राहू द्या. उपयोग काय आता तिचा? एक इंजेक्शन, की सगळे सुटाल."

'सगळे' या शब्दावर मी अडकलो. सोनी दोन वेळा जेवते, चपातीचा वास आला की शेपटी हलवते, दुपारी उन्हाच्या चौकोनाबरोबर सरकत सरकत झोपते. तिला वेदना नाही. तिने सुटावं असं तिला काहीच धरून ठेवलेलं नाही. जे प्राणी खरोखर तळमळत असतात त्यांच्यासाठी ते इंजेक्शन दयाच असेल, मी नाही म्हणत नाही. पण इथे त्रास सतरंजीला, आणि इलाज कुत्रीवर!

राहिला उपयोगाचा प्रश्न. बँकेत नव्वद दिवसांहून अधिक काळ हप्ता थकला की कर्जखातं अनुत्पादक ठरतं. हा नियम लावला तर सोनी पहिल्या तिमाहीतच बुडीत निघाली असती. तेरा वर्षांत तिने एक चोर धरलेला नाही. पोस्टमनवर मात्र ती निष्ठेने भुंकत आली. तेव्हा 'तिने आपल्यासाठी इतकं केलं, आता आपली पाळी' हे म्हणण्याचीही सोय नाही. तिने काहीच केलेलं नाही. ती फक्त होती. आणि नुसतं असण्याबद्दल देणं लागतं की नाही, हा प्रश्न कुठल्याच खतावणीत बसत नाही.

आमच्या हिला वेगळीच काळजी. "बघा, कशी ओशाळली आहे," ती म्हणते. सोनी कान पाडून, नजर चुकवून बसलेली असते खरी. पण न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ नावाच्या बाईंनी 2009 मध्ये या ओशाळण्यावरच प्रयोग प्रसिद्ध केला. खाऊ खाल्लेली आणि न खाल्लेली, दोन्ही प्रकारची कुत्री मालकांकडून रागावून घेतली. निष्कर्ष असा, की तो अपराधी चेहरा गुन्ह्यावरून येत नाही, मालकाच्या रागावण्यावरून येतो. उलट, ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांनी बोलणी खाल्ल्यावर तो जास्त केला! म्हणजे सोनीच्या तोंडावरची लाज तिची नव्हेच. ती आपल्या कपाळावरची आठी आहे. तिने फक्त आपल्यापुढे आरसा धरला आहे.

युधिष्ठिराने कुत्र्यासाठी स्वर्गाचा रथ नाकारला, ही गोष्ट आपण भक्तिभावाने ऐकतो. ते कुत्रं म्हातारं होतं का, त्याला काही व्याधी होती का, हे व्यासांनी सांगितलेलं नाही. धर्मराजांविषयी पूर्ण आदर राखून मला वाटतं, ते तुलनेने सोपं होतं. नकार एकदाच द्यायचा होता, आणि समोर साक्षात इंद्र बघत होता. रोज पहाटे, कोणीही बघत नसताना, तोंड वाकडं न करता लुगडं पिळणं हा निराळा पर्व आहे.

तो पर्व मी आमच्या शाखेत पाहिला आहे. नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. आता तो मोबाईलला चेहरा दाखवूनही देता येतो. पण ज्यांचा चेहरा मोबाईल ओळखत नाही ते रांगेत उभे राहतात. तासाभराने एखादे आजोबा पुढे येऊन हळूच विचारतात, "इथे... जरा... सोय आहे का?" त्या टिंबांमध्ये पस्तीस वर्षांची सरकारी नोकरी आणि कडक इस्त्रीचा सदरा विरघळत असतो. आमचा शिपाई अशा वेळी एक शब्द बोलत नाही. किल्ली काढतो आणि जणू त्यालाच तिकडे जायचं आहे अशा थाटात पुढे चालू लागतो. इतकंच. पण मागून येणाऱ्या आजोबांची मान ताठ राहते.

हल्ली सोनीचं अंथरूण आमचे चिरंजीव बदलतात. वय वर्षं चौदा. तोंडाने शीळ, एका हाताने सोनीला थोपटणं, दुसऱ्याने मेणकापड ओढून काढणं. कपाळावर आठी नाही. मी पेपरच्या आडून हे बारकाईने पाहतो. माझी पंचेचाळिशी उलटली आहे, आणि माझाही वॉशर कायमच्या बोलीवर बसवलेला नाही. ही शीळ मुदत ठेव समजावी का, आणि तिच्यावर वारस म्हणून माझं नाव आहे का, हे त्याला विचारावंसं फार वाटतं. पण मग तोही हिशेब करायला लागेल. त्यापेक्षा शीळ घालतो आहे तोवर घालू द्यावी.