वहीतला बोकड

तुळजापूर तालुक्यात, बालाघाटाच्या उताराला, दोन जावा शेळ्या राखायच्या. शेळ्या उस्मानाबादी, काळ्याभोर. जिल्ह्याचं नाव बदलून धाराशिव झालं, शेळीचं तेच राहिलं. वाटणीत प्रत्येकीला सहा-सहा आल्या. बोकड ज्याचा त्यानं राखायचा ठरला.

थोरलीनं करडांतला सगळ्यांत दांडगा ठेवला. छाती रुंद, मान ताठ, बघणाऱ्याची नजर ठरावी असा. धाकटीनं निवडला तो त्याच्या मानानं किरकोळच.

"अगं, ह्याला काय पैदाशीचा बोकड म्हणायचं?" सासरे म्हणाले.

धाकटीनं पोराची जुनी शाळेची वही पुढं केली. दर शेळीला एक पान. व्याल्याची तारीख, करडं किती, तीन महिन्यांनी जगलेली किती, त्यांचं वजन किती. वजनासाठी लिंबाच्या फांदीला ताणकाटा टांगलेला. करडू पोत्यात घालायचं, तोंड बाहेर ठेवायचं आणि ओरडायचं थांबलं की आकडा वाचायचा.

"मामंजी, ह्याची माय चारी वेतं जुळं व्याली. आठच्या आठ करडं जगली. जाऊबाईंचा बोकड एकुलता. त्यानं मायची दोन्ही सडं एकट्यानं ओढली, ह्यानं एकाच सडावर दिवस काढले. तरी वजनात फार मागं नाही."

"मग त्या तिळंवालीचा का नाही ठेवलास?"

तिळं देणारी म्हणून त्या शेळीचं गावात नाव होतं. तिच्या पानावर मात्र फुल्याच फुल्या होत्या. दूध पुरत नव्हतं, दर वेताला एखाददुसरं करडू जायचं. सासरे गप्प बसले. खरं तर गावोगाव याच्या उलटच चालतं. लवकर भरलेला बोकड ईदच्या बाजारात जातो आणि जो विकला गेला नाही तो शेळ्यांत फिरतो.

पहिल्या वर्षी दोन्ही दावणींत काहीच फरक पडला नाही. गाव हसलं. हसणाऱ्यांना एवढंच कळलं नव्हतं की शेळी किती करडं देणार ते तिच्या अंगात असतं. बोकडाकडून आलेला हा गुण त्याच्या लेकी व्यायल्यावरच दिसतो. खाण तशी माती म्हणतात, पण निम्मी खाण बापाकडची असते आणि ती कोणी खणून बघत नाही.

दोन्ही बोकडांच्या पाटी व्यायला लागल्यावर फरक दिसू लागला. धाकटीच्या सगळ्याच आजीवर गेल्या असं नाही, काहींनी एकेकच दिलं. तरी जुळी वाढली आणि जगलीही. दोन वर्षं झाल्यावर तिनं तो बोकड दुसऱ्या गावच्या पाहुण्यांना देऊन त्यांचा आणला, अर्थात त्याच्या मायची वेतं विचारूनच. थोरलीला आपला देखणा सोडवेना. तो स्वतःच्याच लेकींवर गेला आणि करडं मरतुकडी निपजली.

शेळ्यांना पीपीआर रोगाची लस द्यायला आलेल्या डॉक्टरांनी एकदा ती वही चाळली. म्हणाले, "फलटणला निंबकर संस्थेत मेंढ्यांचं असंच काम झालंय." दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. सुंदरबनातल्या ठेंगण्या गरोळ मेंढीत जुळ्यांचा जनुक आहे. तिच्याशी संकर करून, पिढ्यान्‌पिढ्या नोंदी ठेवून तिथं 'नारी सुवर्णा' तयार झाली. हाच जनुक अठराव्या शतकाच्या शेवटी बंगाली मेंढ्यांबरोबर ऑस्ट्रेलियात पोचला होता. तो नेमका कोणता, हे 2001 मध्ये कळलं आणि आता मेंढ्याचं रक्त तपासून तो आहे की नाही ते सांगता येतं.

"मग आमच्या शेळ्यांचंही रक्त तपासा की," थोरली म्हणाली.

"शेळीला सध्या ही वहीच बरी," डॉक्टर म्हणाले.

त्या संध्याकाळी थोरलीनं धाकटीकडं एक कोरी वही मागितली. धाकटीनं वहीबरोबर ताणकाटाही दिला.

तुम्ही बोकड घ्यायला जाल तेव्हा आधी त्याची माय दाखवायला सांगा. तिची वेतं किती, करडं किती, जगली किती, ते विचारा. मालक अडखळला तर बोकड कितीही देखणा असो, पैसे खिशातच राहू द्या.