मांस हलाल आहे; कमाईचे काय?

सर्व स्तुती अल्लाहसाठी आहे. अंतिम प्रेषित मुहम्मद (स.), त्यांचे कुटुंबीय आणि सहकारी यांच्यावर दरूद व सलाम असो.



तळोजा-पनवेलपासून खाली कोकणपट्टीपर्यंत कित्येक मुस्लिम घरांतील मुलगा, जावई किंवा भाचा आखातात नोकरीला आहे. तो रजेवर आला की त्याच्याबरोबर खजूर आणि अत्तर येते, आणि काही प्रश्नही येतात. असाच एक प्रश्न तळोज्यातील एका तरुणाने विचारला: "दुबईच्या दुकानात जपानी गोमांस मिळते, त्याला 'वाग्यू' म्हणतात. फार महाग असते, पण त्यावर हलालचा शिक्का असतो. भावाच्या वलीम्यासाठी थोडे सामानात आणले तर चालेल का?"

प्रश्न विचारणाऱ्याला अल्लाह चांगला मोबदला देवो. खाण्याआधी जो विचारतो, त्याच्या हृदयात ईशभय जागे आहे. मात्र या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण त्यात एक नव्हे, तीन प्रश्न दडलेले आहेत.

पहिला प्रश्न मांसाचा. गाय-बैलाचे मांस मूलतः हलाल आहे. परंतु मेलेले जनावर, वाहते रक्त, डुकराचे मांस आणि अल्लाहखेरीज अन्य कुणाच्या नावाने कापलेले जनावर सूरह माइदाच्या तिसऱ्या आयतीत निषिद्ध ठरविले आहे. म्हणून जबह करताना जनावर जिवंत असावे, अल्लाहचे नाव घेतलेले असावे, सुरी धारदार असावी आणि रक्त वाहून जावे. जपानमध्ये मुस्लिमांची संख्या अत्यल्प आहे. तेथील सर्वसाधारण कत्तलखान्यांत जनावराला आधी यंत्राने बधिर करण्याची पद्धत आहे, आणि अनेक ठिकाणी एकाच इमारतीत डुकरेही कापली जातात. त्यामुळे संयुक्त अरब अमिरात, मलेशिया, इंडोनेशिया अशा देशांना मांस पाठविण्यासाठी तेथे वेगळी व्यवस्था उभारावी लागली. जबह करणारा मुस्लिम, स्वतंत्र जागा, स्वतंत्र हत्यारे आणि मान्यताप्राप्त संस्थेची तपासणी, हे सर्व त्यात आले. अशा विश्वासार्ह संस्थेचे प्रमाणपत्र असेल, तर त्या देशात राहणाऱ्या मुस्लिमाने ते मांस खाण्यास हरकत नाही. प्रमाणपत्राबाबत शंका असेल, तर संशयास्पद गोष्टीपासून दूर राहणाऱ्याने आपला धर्म आणि आपली अब्रू दोन्ही वाचविली, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपल्याला पुरेशी आहे.

दुसरा प्रश्न ते आणण्याचा. आपल्या देशाच्या आयात धोरणानुसार गोमांस व गोमांस असलेले पदार्थ परदेशातून आणण्यास मनाई आहे. महाराष्ट्रात 1976 च्या पशुसंरक्षण कायद्याने गायीच्या कत्तलीला बंदी होती; 4 मार्च 2015 पासून तीत वळू आणि बैल यांचाही समावेश झाला. या कायद्याविषयी कुणाचे मत काहीही असो, ते सनदशीर मार्गाने मांडण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. पण कपड्यांच्या घडीखाली मांस लपवून विमानतळाच्या अधिकाऱ्यासमोर "काही नाही" म्हणणे, हा त्या हक्काचा वापर नव्हे. सूरह माइदाची सुरुवातच श्रद्धावंतांना वचने व करार पाळण्याच्या आज्ञेने होते. ज्या देशात आपण राहतो, त्याच्याशी आपला एक करार आहे. शिवाय गोमांस खाणे हे ना फर्ज आहे, ना सुन्नत. ते न खाल्ल्याने ईमानात काडीचीही उणीव येत नाही. हलाल वस्तू खोटे बोलून आणली, तर वस्तू हलाल राहील, पण बोललेले खोटे कोणत्या प्रमाणपत्राने हलाल होणार? आणि त्या दोन किलोंसाठी घरच्या वृद्ध आई-वडिलांना पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली, तर त्याचे उत्तर कोण देईल? म्हणून त्या तरुणाला सांगितले: बाळा, आणू नकोस.

आता तिसरा प्रश्न. तो त्याने विचारला नाही, आपणही सहसा विचारत नाही; परंतु सर्वांत भारी तोच आहे.

जपानी गोमांसाविषयी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. सप्टेंबर 2001 मध्ये त्या देशात गुरांना मेंदूचा एक घातक रोग झाल्याचे प्रथमच उघड झाले आणि लोकांचा मांसावरील विश्वास उडाला. तेव्हा 2003 मध्ये तेथे कायदा झाला. त्यानुसार देशातील प्रत्येक गुराला जन्मतःच दहा अंकी क्रमांक दिला जातो. ते कुठे जन्मले, कोणाच्या गोठ्यात वाढले, कधी आणि कुठे कापले गेले, याची नोंद त्या क्रमांकाखाली राहते आणि दुकानातील मांसाच्या तुकड्यापर्यंत तो क्रमांक सोबत येतो. एका मुक्या जनावराचा जन्मापासून मृत्यूपर्यंतचा हिशेब मनुष्याने ठेवला! मग ज्याने मनुष्याला निर्माण केले, तो मनुष्याच्या कमाईचा हिशेब ठेवणार नाही काय? प्रेषितांनी (स.) सांगितले आहे की, कयामतच्या दिवशी माणसाला त्याच्या संपत्तीविषयी दोन गोष्टी विचारल्या जातील: ती कुठून मिळविली आणि कुठे खर्च केली.

सूरह बकराच्या 168 व्या आयतीत अल्लाहने समस्त मानवजातीला जमिनीतील 'हलाल' आणि 'तय्यिब', म्हणजे वैध आणि शुद्ध, खाण्याची आज्ञा दिली आहे. आपण खाटकाला विचारतो, "जबह कुणी केले?" पुडक्यावरचा शिक्का उलटसुलट करून पाहतो. पण ज्या पैशाने ते घेतले, त्या पैशावर कोणता शिक्का आहे?

बंधूंनो, हे आपल्याच गावाच्या संदर्भात तपासून पाहू या. 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली. नव्या शहरासाठी या परिसरातील शेतजमिनी संपादित झाल्या, कुणाला मोबदला मिळाला, कुणाला साडेबारा टक्के योजनेतील भूखंड. काल भात पिकत होते तेथे आज इमारती उभ्या आहेत, नोव्हेंबर 2023 पासून पेंधरपर्यंत मेट्रो धावू लागली आहे, आणि वडिलोपार्जित जमिनीच्या तुकड्याला कल्पनेबाहेरची किंमत आली आहे. अशा वेळी कित्येक घरांत काय घडते? बहिणीला बोलावले जाते. चहा-नाश्ता होतो. "तुझे लग्न आम्ही थाटात केले, माहेर तुझेच आहे" असे म्हणून हक्कसोड पत्रावर तिची सही घेतली जाते. ती सही करते, कारण माहेरचा उंबरठा कायमचा बंद होईल अशी भीती तिला वाटते. भीतीपोटी झालेली सही म्हणजे राजीखुशी नव्हे. सूरह निसामध्ये अल्लाहने वारसा थोडा असो वा अधिक, त्यात स्त्रियांचा हिस्सा निश्चित केला आहे. मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा ठरविला. शून्य ठरविला नाही. वारसाहक्काच्या या मर्यादा आपण घालून दिलेल्या आहेत असे सांगून अल्लाहने त्या ओलांडणाऱ्याला आगीचा इशारा दिला आहे.

आता सांगा, बहिणीच्या हिश्श्याच्या पैशातून आणलेली बकरी तळोज्यातील सर्वांत दीनदार माणसाने जबह केली, तरी तो घास कसा शुद्ध होईल? प्रेषितांनी (स.) एका प्रवाशाचे उदाहरण दिले आहे. दूरच्या प्रवासाने त्याचे केस विस्कटलेले, अंग धुळीने माखलेले. तो आकाशाकडे हात उंचावून आपल्या पालनकर्त्याला साद घालतो. परंतु त्याचे खाणे हराम, पिणे हराम, वस्त्र हराम. मग त्याची दुआ कशी स्वीकारली जावी? आपल्या दुआ कबूल का होत नाहीत, अशी तक्रार आपण वारंवार करतो. उत्तर कदाचित आपल्याच घरातील त्या कागदावर असेल, ज्यावर बहिणीची सही आहे.

आणि कमाई पूर्णपणे शुद्ध असली, तरी खर्चाचा प्रश्न उरतोच. एकदा हजरत उमर (र.) यांना हजरत जाबिर (र.) मांस घेऊन जाताना दिसले. मांस खाण्याची इच्छा झाली म्हणून घेतले, असे त्यांनी सांगितले. हजरत उमर (र.) यांनी हटकले: शेजाऱ्यासाठी, चुलतभावासाठी स्वतःची भूक आवरण्याची इच्छा तुमच्यापैकी कुणालाच होत नाही काय? आणि ज्यांनी आपल्या वाट्याची सुखे ऐहिक जीवनातच उपभोगून संपविली, त्यांच्याविषयीच्या सूरह अहकाफमधील आयतीची आठवण दिली. ध्यानात घ्या, ते मांस हलाल होते, पैसा हलाल होता आणि घेणारे प्रेषितांचे (स.) सहकारी होते, तरीही प्रश्न विचारला गेला. तर मग वलीम्यात केवळ पाहुण्यांनी तोंडात बोट घालावे म्हणून मांडलेल्या पदार्थांबद्दल आपल्याला काय विचारले जाईल? प्रेषितांनी (स.) रस्सा शिजविताना त्यात पाणी वाढवून शेजाऱ्याला द्यायला शिकविले. तळोजा औद्योगिक वसाहतीत राबणारे, आपल्या घरापासून शेकडो कोस दूर राहणारे मजूर आपले शेजारीच आहेत. वलीम्याचे एक पातेले त्यांच्या खोल्यांकडे गेले, तर ती मेजवानी कोणत्याही महागड्या मांसापेक्षा अधिक बरकतीची ठरेल.

म्हणून प्रिय वाचकहो, या महिन्यात एक काम करा. आज जेवणानंतर घरातील जमिनीचे कागद बाहेर काढा. त्यात आई, बहीण, आत्या यांचा हिस्सा अडकला असेल, तर तो मोजा. तुम्ही स्वतः त्यांच्या दारी जा, आणि देताना उपकाराची भाषा वापरू नका, कारण ते तुमचे नव्हतेच. एकदम देणे शक्य नसेल, तर लिहून द्या आणि हप्ते बांधा. वडील हयात नसतील, तर त्यांच्यासाठी याहून मोठे पुण्यदान दुसरे नाही.

हे अल्लाह, आमच्या घासांना आणि आमच्या कमाईला शुद्ध कर. ज्यांचे हक्क आमच्याकडे अडकले आहेत, ते मृत्यू येण्यापूर्वी परत करण्याची सद्बुद्धी आणि धैर्य आम्हाला दे. आमीन.