वैद्य, परिचारिका आणि तासांचा हिशेब

उशाशीं बसलेल्या मनुष्याचें शिक्षण किती झालें, ही चौकशी रोगी क्वचितच करितो. त्याला उतार हवा असतो. समाजाला मात्र ती करावी लागते, आणि अमेरिकेंत ती गेलीं साठ वर्षें चालली आहे. १९६५ सालीं कोलोरॅडो विद्यापीठांत लॉरेटा फोर्ड या परिचारिका व हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ या उभयतांनीं, जेथें डॉक्टर दुर्मिळ तेथील मुलांसाठीं, ‘नर्स प्रॅक्टिशनर’चा पहिला शिक्षणक्रम काढला. आज तेथील निम्म्याहून अधिक राज्यांत ही परिचारिका स्वतःच्या जबाबदारीवर निदान करिते व औषध लिहून देते.

शिक्षणांतील अंतर उघड आहे. डॉक्टरास पदवीनंतर चार वर्षें वैद्यकीय महाविद्यालयांत व पुढें निदान तीन वर्षें रुग्णालयांत उमेदवारी करावी लागते. परिचारिका पदवीनंतर आणखी दोन ते चार वर्षें शिकते. त्यांत रोग्यांसमोरचे किमान ७५० तास असावेत, असा २०२२ सालचा दंडक आहे. डॉक्टरांचे असे तास हजारोंनीं मोजतात. तरीहि २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कमधील एका पाहणींत, प्राथमिक उपचारांपुरतें पाहतां, सहा महिन्यांनंतर दोघांच्या रोग्यांच्या प्रकृतींत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं.

मग ते हजारों तास व्यर्थच काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. बहुतेक खोकले साधे असतात. घातकी खोकलाहि प्रथम साध्याच्याच वेषांत येतो. त्याला हटकण्यासाठीं ती दीर्घ उमेदवारी असते, आणि असा विरळा रोग सहा महिन्यांच्या पाहणींतून सहज निसटतो. पण ज्याच्या गांवीं कोणीच येत नाहीं, त्याचा साधा खोकलाहि घातकी होतो, हेंहि तितकेंच खरें.

म्हणून प्रश्न श्रेष्ठकनिष्ठतेचा नसून उरलेला धोका कोणाच्या माथीं जातो, हा आहे. आपल्याकडेहि २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यानें मध्यम दर्जाच्या उपचारकांस मर्यादित परवाना देण्याची तरतूद केली आहे. अशा उपचारकानें आपल्या ज्ञानाची सीमा ओळखावी, सीमेपलीकडे डॉक्टराचें दार उघडें असावें, आणि आपल्याला कोण तपासतो हें रोग्याला ठाऊक असावें. एवढें असेल तर ती सेवाच होय. एरवीं ती गरिबांची स्वस्तांत केलेली बोळवण होईल. दूरच्या खेड्यांतील मुलाला पुरेशी म्हणून जी व्यवस्था आपण सुचवितों, ती आपलें मूल मध्यरात्रीं तापानें फणफणलें असतां आपल्याला पुरेशी वाटेल काय? ज्यानें त्यानें हें प्रथम स्वतःच्या मनाला विचारावें, आणि मगच मत द्यावें.